छपरात साळुंक्या नांदतायत? वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मुंबईकरांसाठी

मुंबईत वरचा मजला, बैठ्या चाळीतली खोली किंवा गावठाणातलं कौलारू घर भाड्याने घेताना एजंट हवा, उजेड, पाणी, पार्किंग सगळं सांगतो. छपरात कोण राहतं ते मात्र सांगत नाही. एप्रिल उजाडला की ते आपलं आपल्यालाच कळतं. पहाटे साडेपाचच्या सुमारास डोक्यावर खरडल्याचा आवाज येतो, मग कडाक्याचं भांडण होतं, मग कोणीतरी चिरक्या आवाजात न थांबता खायला मागत राहतं. पहिला आठवडा गंमत वाटते. दुसऱ्या आठवड्यात माणूस पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर शोधू लागतो.

नंबर लावण्याआधी हे वाचा. छपरातल्या पक्ष्यांच्या कटकटीचं मूळ म्हणजे छपराला असलेलं भोक, आणि ते बुजवायचा हंगाम दिवाळीनंतरचा. मुंबईत आपण नेमकं उलटं करतो. कौलांची शाकारणी, पत्रे बदलणं, पन्हाळ्या साफ करणं, शेडला रंग मारणं ही सगळी कामं आपण मे महिन्यावर ढकलतो, कारण जूनमध्ये पाऊस यायचा असतो. साळुंकीचा विणीचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट. म्हणजे आपला कारागीर शिडी लावतो तेव्हा आत अंडी किंवा उघडीवाघडी पिल्लं असतात. पुढची सगळी कटकट या एका वेळापत्रकातून निघते.

आधी आवाज कोणाचा ते ठरवा

छपरात राहणारे सगळे पक्षी एकसारखे नाहीत, आणि छपरात आवाज करणारे सगळे पक्षीच असतात असंही नाही. पहिली खूण वेळेची. रात्री बारानंतर कुरतडण्याचा, धावण्याचा आवाज आला तर उंदीर. आरे, बोरिवली, मुलुंड अशा जंगलाला लागून असलेल्या भागात रात्री पत्र्यावर कोणी दाणकन उडी मारली तर ते उदमांजर असू शकतं. त्याला छप्पर फार आवडतं, आणि त्याचं वजन चांगलं तीन-चार किलो भरतं. साळुंकी, चिमणी, कबुतर अंधार पडल्यावर गप्प बसतात.

साळुंकी ओळखायला सोपी: तपकिरी अंग, काळं डोकं, पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्यामागे पिवळा डाग, उडताना पंखावर पांढरा पट्टा. आवाज मात्र ओळखायला कठीण, कारण तिच्याकडे दहा तऱ्हांचे आवाज असतात. शिट्टी, कुरकुर, खरखर, मधेच मान खाली घालून पिसं फुलवून काहीतरी म्हणणं. गॅलरीत बसून ऐकलं तर दोन माणसं दबक्या आवाजात वाद घालतायत असं वाटावं. पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) फॉल्स सीलिंगवर तिच्या नखांची खरडही ऐकू येते.

चिमणीचा आवाज सांगायला नको. कबुतर, म्हणजे पारवा, घुमतं, आणि उठता-बसता पंखांचा फटफटाट करतं. संध्याकाळी जुन्या इमारतीच्या कमानीभोवती बारीक किंचाळत काळ्या पक्ष्यांचा थवा गोल गोल फिरत असेल तर त्या पाकोळ्या. पिसं आणि गवत लाळेने चिकटवून त्या तुळईखाली वाडगीसारखी घरटी करतात, एकाला एक लागून.

रात्री माळ्यावरून कोणी फुस्स करतंय किंवा घोरतंय असं वाटलं तर घाबरू नका. ते गव्हाणी घुबड असेल, पत्त्यांतल्या बदामासारख्या पांढऱ्या चेहऱ्याचं. पिल्लं भुकेली असली की तो आवाज रात्रभर चालतो. अपशकुन वगैरे म्हणणारे शेजारी भेटतील. त्यांना एवढंच सांगायचं की घुबडांचं एक कुटुंब वर राहत असेल तर खालच्या गटारातल्या उंदरांची संख्या कोण आटोक्यात ठेवतंय ते बघा. घुबड आहे ही गोष्ट गावभर करू नका, एवढा एक सल्ला. दिवाळीच्या सुमाराला जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे अजून आहेत.

मग खाली उभं राहून बघा

शिडी लावू नका, सीलिंगची फळी उघडू नका. सकाळी सहा ते सात या वेळात चहाचा कप घेऊन समोरच्या बाजूला, घरट्यापासून लांब उभे राहा. आत-बाहेर जायची जागा सापडतेच: पत्र्याच्या नागमोडी कडेखाली, दोन कौलांच्या मधे, एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकात. तिथे भिंतीवर पांढरे ओघळ असतात आणि काडी, चिंधी किंवा प्लॅस्टिकची पट्टी लोंबत असते. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिच्या सांगाड्याचे चौकोनी पोकळ पाइप बघा. फॅब्रिकेटरने तोंडाला झाकण लावलेलं नसतं, आणि चिमण्यांना इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

आता पक्ष्याच्या चोचीकडे लक्ष द्या. चोचीत काडी, गवत, कागद असेल तर बांधकाम चालू आहे. दोघांपैकी एक बराच वेळ दिसतच नसेल आणि घरटं शांत असेल तर अंडी उबवणं चालू आहे. चोचीत अळी, नाकतोडा, झुरळ घेऊन आत जात असेल तर पिल्लं आहेत. सगळ्यात पक्की खूण वेगळीच आहे: साळुंकी बाहेर पडताना चोचीत पांढरी, ओलसर, हरभऱ्याएवढी पिशवी घेऊन निघते आणि थोडं लांब जाऊन टाकते. ती पिल्लांची विष्ठा, पातळ पडद्यात गुंडाळलेली. ही पिशवी दिसली म्हणजे आत पिल्लं आहेत यात शंका नाही.

नुसतं बांधकाम चालू असेल आणि अंडी नसतील, तर तुम्हाला अजून संधी आहे. त्याच दिवशी जाळी लावून जागा बंद केली तर जोडी दुसरीकडे जाते. पण अंडी नाहीत याची खात्री हवी. खात्री नसेल तर ‘आहेत’ असंच धरून चाला.

दिवस मोजा, मग शांत डोक्याने ठरवा

लोकांना वाटतं, हे आता कायमचं मागे लागलं. तसं नाही. साळुंकी चार-पाच निळी अंडी घालते. ती उबायला सुमारे अडीच आठवडे आणि पिल्लं उडायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून घर रिकामं होईपर्यंत साधारण सहा आठवडे. त्यातला खरा गोंगाट शेवटच्या दोन आठवड्यांचा, कारण पिल्लं मोठी झाली की आवाजही मोठा होतो. चिमणीचं चार-पाच आठवड्यांत उरकतं. पाकोळ्यांना दोन महिने द्या, घुबडाला तीन.

अडचण अशी की साळुंकी त्याच जागी दुसरी वीणही काढते, आणि चिमणी तर वर्षातून कितीदा तरी. म्हणून दोन विणींच्या मधली फट पकडायची असते, ते पुढे येतंच. पण ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाने सहा आठवड्यांसाठी घर बदलायचा विचार करू नये, एवढं नक्की. दलालीच जास्त जाईल.

हाकलून का भागत नाही

पेस्ट कंट्रोलवाला आला की त्याचं ठरलेलं वाक्य असतं: “साहेब, फवारा मारून टाकतो, दोन मिनटांत साफ.” त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. एकतर आत मेलेली पिल्लं सीलिंगमध्ये सडतात, आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्या वासापेक्षा चिवचिवाट परवडला. दुसरं म्हणजे तो गुन्हा ठरू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणं येतं. बंदूक लागत नाही, झाडूचा दांडाही पुरतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हाकललं तरी जागा रिकामी राहत नाही. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली लहान असताना, १९०६-०७ च्या सुमारास, त्यांनी तबेल्यातल्या एका चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवून बाहेर बसलेला नर छऱ्याच्या बंदुकीने मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही मारला, तर तिसरा. आठवड्याभरात असे आठ नर गेले, आणि दर वेळी नवा हजर. त्यांनी हे तेव्हाच टिपून ठेवलं होतं. त्या पोराच्या करणीला आज कोणी शाबासकी देणार नाही, पण निरीक्षण खणखणीत आहे: चांगल्या भोकाला गिऱ्हाईक नेहमी असतं. मुंबईत जुनी झाडं, जुन्या भिंतींतल्या पोकळ्या कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे रांग आणखी लांब.

प्लॅस्टिकचं घुबड, चमकत्या सीड्या, फडफडणाऱ्या पट्ट्या, मोबाइलवरून ससाण्याचा आवाज असल्या उपायांवर पैसे घालवू नका. साळुंकी हुशार आहे. चार दिवसांत त्या घुबडाच्या डोक्यावर बसून ती तुमच्याकडे बघेल. आणि चिकट जेल? ते कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. पिसांना ते लागलं की पक्षी उडता न येऊन तडफडत मरतो, आणि चिकटतं ते कबुतरापेक्षा आधी चिमणीला.

तोवर झोप कशी वाचवायची

मे महिन्यात मुंबईत सूर्य सहाच्या आसपास उगवतो, आणि पक्षी त्याच्या अर्धा तास आधी उठतात. हा धक्का टाळता येत नाही, बोथट करता येतो.

पलंग हलवा. बहुतेक लोक हे सोडून बाकी सगळं करून बघतात. घरटं छपराच्या कडेला, बाहेरच्या भिंतीलगत असतं, आणि आपला पलंगही बहुधा त्याच भिंतीला टेकवलेला असतो. डोक्याची बाजू आतल्या भिंतीकडे केली तरी बराच फरक पडतो. जमत असेल तर ते सहा आठवडे बाहेरच्या खोलीत अंथरूण टाका. पंख्याचा घरघराट या काळात तुमचा मित्र आहे. टेबल फॅन असेल तर तो कानाच्या बाजूला ठेवा. एकसुरी आवाजात किंचाळी बुडते. केमिस्टकडे मिळणारे फोमचे कानातले बोळे स्वस्त असतात आणि लोकलमध्येही उपयोगी पडतात.

सीलिंगवर दांड्याने ठोकू नका. त्यामागचं गणित साधं आहे: ठोकलं की आई-बाप बिचकतात, बाहेरच थांबतात. पिल्लं उपाशी राहतात. उपाशी पिल्लू अधिक मोठ्याने ओरडतं. दहा मिनिटांची शांतता मिळवायला तुम्ही तासाभराचा आरडाओरडा विकत घेता. उलट, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत कपड्यांची काठी, नवीन कुंडी, रंगवायला आणलेलं दार असलं काही आणून उभं करू नका. वाट मोकळी असली की खाणं वेळेवर पोहोचतं, आणि दुपारी बराच वेळ खरोखर शांत जातो.

विजेकडे मात्र काणाडोळा नको. साळुंकी घरट्यात गवत, कागद, कापूस, जे मिळेल ते भरते, आणि फॉल्स सीलिंगमध्ये दिव्यांच्या वायरी आणि गरम होणारे ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारे छोटे डबे, असतात. घरटं ज्या बाजूला आहे तिथले सीलिंगमधले दिवे ते दिवस बंदच ठेवा. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनमध्ये घरटं झालं असेल तर बटणावर टेप लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी सवयीने ते दाबणारच. विंडो एसीच्या मागे असेल तर एसीचा प्लग काढून ठेवा. हे शेवटचं मे महिन्यात सांगणं सोपं आणि करणं कठीण, मान्य आहे.

चिमण्या खोलीत येत असतील तर छताचा पंखा बंद केल्याशिवाय त्यांना हुसकवू नका. घाबरलेली चिमणी सरळ वर उडते आणि पात्यात सापडते. जुन्या चाळींत वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

आणि पत्र्याच्या घरात राहत असाल तर दुपारी एक गोष्ट दिसेल. पिल्लं भोकाच्या तोंडाशी येऊन चोच वासून धापा टाकतात. पत्रा तापलेला असतो. छपरावर, घरट्याच्या जागेच्या वरच, ओलं गोणपाट टाकता आलं तर टाका. तुमची खोलीही थोडी निवते. पण त्यासाठी पत्र्यावर चढू नका! सिमेंटचा जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, तो मधेच तुटतो. चढायचंच झालं तर खालच्या लाकडी किंवा लोखंडी आधारांवर टेकेल अशी फळी आडवी टाकून तिच्यावर, तेही सवयीच्या माणसाने.

कबुतरांचं प्रकरण वेगळं

साळुंकी आणि चिमणीबद्दल मी जितकी सबुरी सांगते तितकी कबुतरांबद्दल सांगत नाही. कारण दोन. कबुतरांचा हंगाम संपतच नाही. दोन अंडी, अठरा-एकोणीस दिवस उबवण, महिनाभर पिल्लं, आणि कधी कधी ती उडण्याआधीच पुढची अंडी, असं बारा महिने. दुसरं कारण विष्ठेचं. तिची आणि पिसांची वाळकी धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. हा फुप्फुसांचा आजार आहे. उशिरा कळला तर फुप्फुसांवर कायमचे व्रण राहतात. घरात दमेकरी, म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर कबुतरांना छपरात थारा देऊ नये. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर कबुतरखान्यांवरून मुंबईत केवढा गदारोळ झाला ते आपण पाहिलं. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, स्वतःच्या खिडकीच्या छज्ज्यावर दाणे, शिळा भात, चपातीचे तुकडे टाकायचं थांबवा. पुण्य मिळवायला आपल्याकडे इतर मार्ग बरेच आहेत.

घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा आणि मग लगेच, पुढची अंडी पडायच्या आत, जाळी बसवून घ्या. नायलॉनची जाळी ताणून बसली पाहिजे. सैल लोंबणाऱ्या जाळीत पक्षी अडकतो आणि बाराव्या मजल्यावर त्याला सोडवायला अग्निशमन दलाला बोलवावं लागतं. बसवून झाल्यावर बोटाने दाबून बघा, आत गेली तर त्याला पुन्हा ताणायला लावा.

पिल्लू खाली पडलं तर

हे होतंच. बहुतेक वेळा वाऱ्याने, धक्काबुक्कीने, किंवा उडायचा पहिला प्रयत्न फसल्याने. आधी बघा, अंगावर पिसं आहेत का. पिसं असतील, शेपटी आखूड असेल आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. उचलून जवळच्या कुंडीत, झुडपात किंवा छज्ज्यावर ठेवा आणि लांब व्हा. आई-बाप जवळच असतात, खायला घालतात. तुमचं काम एवढंच की बिल्डिंगमधलं मांजर आणि कावळे यांच्यावर तासभर लक्ष ठेवायचं.

उघडं, डोळे मिटलेलं असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत चुकीची आहे. घरट्यापर्यंत हात पोहोचत नसेल तर छोटी टोपली घ्या, तळाला छिद्रं, आत सुकं गवत, आणि घरट्याच्या शक्य तितकी जवळ टांगा. पिल्लू ओरडलं की आई आवाजाच्या दिशेने येते.

चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध नको, दुधात भिजवलेला पाव नको. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड घालून अंधारात ठेवा आणि मदत मागा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं जुनं रुग्णालय आहे, तिथे पक्षीही नेता येतात. पिल्लू घरी वाढवायची हौस करू नका, मुलांनी कितीही गळ घातली तरी. पोपटाचं असेल तर पाळणं बेकायदाही आहे.

घरमालक आणि कमिटी

भाडेकरूने पहिल्याच आठवड्यात घरमालकाला व्हॉट्सअॅपवर फोटोसकट कळवावं. “काका, छपराच्या डाव्या कोपऱ्यात घरटं आहे, पिल्लं उडाली की भोक बंद करून घ्यावं लागेल, खर्चाचं तेव्हा बोलू.” एवढं पुरे. नोंद राहते, आणि नंतर सीलिंगवर डाग दिसला तर तो तुमच्या डिपॉझिटमधून कापला जात नाही. सोसायटीत गच्चीची शेड आणि बाहेरची भिंत ही कमिटीची जबाबदारी, तेव्हा अर्ज सेक्रेटरींना. त्यात “पक्ष्यांचा त्रास” असं लिहू नका, “पत्र्याखालच्या पोकळ्या बंद करणे व पन्हाळी साफ करणे” असं लिहा. पहिल्या वाक्यावर तासभर चर्चा रंगते, दुसऱ्यावर कोटेशन मागवलं जातं.

पन्हाळीचं तेवढं गंभीरपणे घ्या. घरट्यातलं गवत आणि प्लॅस्टिक घसरून पन्हाळीच्या तोंडाशी बसलं तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी मागे फिरतं आणि भिंतीतून खाली उतरतं. घरट्याला हात न लावता पन्हाळी साफ करता येते. जूनच्या आधी एवढं काम करून घ्यायला हरकत नाही.

उडून गेल्यावर लगेच

सलग दोन-तीन सकाळी कोणी आत-बाहेर करत नसेल, आवाज नसेल, तर भोकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवा. दोन दिवसांनी तो तसाच असेल तर आत कोणी नाही. बाहेर फेकलेला सापडला तर अजून वस्ती आहे, थांबा.

दोन विणींच्या मधली फट ती हीच. मग घरटं काढा, उशीर करू नका. पिल्लं गेली की घरट्यातल्या बारीक गोचिडीसारख्या किड्यांना रक्त मिळेनासं होतं आणि ते सीलिंगच्या फटींतून खाली येतात. अंगाला खाज सुटते, डास चावल्यासारखे बारीक पुरळ उठतात, आणि घरातले लोक ढेकूण शोधत बसतात. माणसावर हे किडे जगून राहत नाहीत. घरटं काढलं, चादरी गरम पाण्यात धुतल्या, फटी पुसून घेतल्या की काही दिवसांत थांबतं.

काढताना एन-९५ मास्क, रबरी हातमोजे. आधी पाण्याचा फवारा मारून घरटं आणि विष्ठा ओली करा. सुकी कधीच झाडू नका, धूळ उडते तीच घातक. ओली झाली की सगळं खरवडून दुहेरी पिशवीत. साळुंकीचं घरटं हातात आलं की क्षणभर बघत राहावंसं वाटतं: झाडूचे हीर, नारळाची शेंडी, कॅरीबॅगच्या पट्ट्या, गुटख्याची पुडी, राखीचा रेशमी दोरा, कापसाचा बोळा, सगळं दाबून बसवलेलं. मग पुसायचं साबणाच्या पाण्याने, आणि सुकू द्यायचं.

भोक बुजवायचं, पण कसं आणि कधी

ऑगस्टनंतर साळुंक्या विणीतून मोकळ्या होतात, पण पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पकडा. आत चिमण्या किंवा घुबड नाही ना हे मात्र तेव्हाही तपासायचं.

जाळी अर्ध्या इंची चौकोनांची वेल्डमेश घ्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधी लोखंडी जाळी दोन पावसाळ्यांत गंजून जाते, तेव्हा स्टेनलेस स्टीलची परवडली तर तीच. कोंबडीजाळी नको, तिच्या मोठ्या भोकांतून चिमणी आरामात जाते. पत्र्याच्या कडेखालच्या नागमोडी पोकळ्यांत जाळीच्या पट्ट्या दुमडून बसवतात आणि स्क्रूने आवळतात. नुसता फोम भरून ठेवला तर साळुंकी तो चोचीने उपसते. पोकळ पाइपांच्या तोंडाला प्लॅस्टिकची झाकणं, एसीच्या पाइपाभोवती पुट्टी, एक्झॉस्टला बाहेरून पडद्यासारख्या पट्ट्यांचं झाकण. कौलारू घरात फुटकी कौलं बदला आणि वळचणीला जाळी लावा, पण हवा खेळायची वाट पूर्ण बंद करू नका. पावसाळ्यात वाशांना कुबट बुरशी धरते.

सगळी भोकं एकाच फेरीत बंद झाली पाहिजेत. एक राहिलं तर पुढच्या एप्रिलमध्ये ते सापडलेलं असतं.

चिमण्यांना घर द्यायची इच्छा असेल तर लाकडी पेटी लावा, तोंडाचं भोक सव्वा इंचाचं. त्यापेक्षा मोठं केलं तर साळुंकी घुसते. पेटी दहा फुटांच्या आसपास उंचीवर, सावलीत, पंख्यापासून आणि मांजराच्या उडीपासून लांब. बाहेर बसायला काडी लावू नका, चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला ती उपयोगी पडते. पेटी जुन्या भोकाच्या जवळ आणि भोक बुजवायच्या आधी लावली तर ती वापरली जायची शक्यता जास्त. पहिल्या वर्षी रिकामी राहिली तरी काढू नका.

कारागिराशी बोलताना काम लेखी द्या: किती फूट जाळी, कुठली, स्क्रू कसले. मे महिन्यात हेच पत्रेवाले फोन उचलत नाहीत आणि उचलला तर दर वाढवून सांगतात. डिसेंबरात ते दोनदा येऊन माप घेतात.